मुंबई–न्यूयॉर्क विमानप्रवास: एक तास जुळत नाहीये

पूर्वा_डोंबिवली
नमस्कार मंडळी. प्रश्न बालिश वाटेल, पण घरात चार दिवस दुसरा विषय नाही, म्हणून धागा काढतेय.

माझे सासू-सासरे मे महिन्यात नणंदेच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला, एडिसनला निघालेत. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान, सहा महिने पुरे व्हायच्या आत परत. तिकिटं नवऱ्याने काढली आणि प्रिंट अण्णांच्या (सासऱ्यांच्या) हातात दिली. तिथेच चुकलं. अण्णांची छत्तीस वर्षं बँकेत गेली. कागदावर आकडे दिसले की ते बेरीज मारणारच.

तिकिटावर असं आहे:
जाताना मुंबईहून रात्री १.४५, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ८.१५. प्रवास १६ तास.
येताना न्यूयॉर्कहून दुपारी १२.३०, मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १.३०. प्रवास १४ तास ३० मिनिटं.

आईंनी फक्त पहिली ओळ वाचली. साडेसहा तासांत अमेरिका येत असेल तर वाटेत खायला दशम्या कशाला, असं त्यांचं म्हणणं.

अण्णांचं गणित असं. घड्याळांतला फरक जाताना जेवढा मिळतो, तेवढाच येताना परत द्यायचा. म्हणजे जातायेताची घड्याळातली वेळ एकत्र केली की फरक उडून जायला हवा आणि खरा प्रवास उरायला हवा. साडेसहा अधिक पंचवीस, झाले साडेएकतीस. तिकिटावरचा प्रवास सोळा अधिक साडेचौदा, झाले साडेतीस. एक तास जुळत नाही. तिकिटावर लाल पेनने गोल केलाय आणि बाजूला लिहिलंय, "खुलासा हवा".

माझा स्वतःचा प्रश्न वेगळा. एका साइटवर अंतर दिलंय १२,५३० किमी. विमान ताशी नऊशेने जातं म्हणतात. भागिलं तर चौदा तासही होत नाहीत. मग जाताना १६ कसे? आणि येताना दीड तास कमी कसा? अंतर तर तेच ना?

खारी_बटर
सोप्पंय. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. जाताना विमान उलट्या दिशेने जातं म्हणून वेळ जास्त, येताना सुलट्या दिशेने म्हणून कमी. शाळेत होतं की हे.

कावळा_बसला
दशम्या न्याच. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

नकाशावेडा
खारी, हे उत्तर इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता दचकायला होत नाही. पण तसं नाहीये. तुम्ही म्हणता तसं असतं तर उलटंच झालं असतं! विमान नुसतं वर जाऊन थांबलं असतं आणि न्यूयॉर्क आपणहून पूर्वेकडे सरकत त्याच्या खाली आलं असतं. तसं होत नाही, कारण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही. विरार फास्टने बोरिवली सोडली की डब्यात उडी मारून बघा. उडी मारायला जागा मिळाली तर पडाल तिथेच पडाल, मागच्या डब्यात नाही.

खरं कारण वारा. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, आपल्या खूप उत्तरेला, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जोरात असला तर ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो, हिवाळ्यात अधिकच. विमानाचे नऊशे हे भोवतालच्या हवेच्या हिशेबाने असतात. ती हवाच जर समोरून येत असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग घटतो. पूर्ण वाटेवर सरासरी ६० किमीचा वारा धरा. जाताना ८४०, येताना ९६०. १२,५३० ला भागा: जाताना जवळजवळ १५ तास, येताना १३. दोन तासांचा फरक इथेच पडला.

(आता हा वारा पश्चिमेकडूनच का वाहतो, तर त्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे. तेव्हा खारींना अर्धे गुण देऊ.)

खारी_बटर
अर्धे घेतो. दहावीला भूगोलात एवढेच होते.

पूर्वा_डोंबिवली
नकाशावेडा, १५ आणि १३ समजलं. पण तिकिटावर १६ आणि साडेचौदा आहेत. वरचा तास-दीड तास?

जुना_सांताक्रूझ
त्याचं उत्तर मी देतो. विमानतळावर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या जागी, तीस वर्षं काढली आहेत.

तिकिटावरची वेळ उडण्याची नसते. विमान उभं असताना चाकांच्या पुढे-मागे पाचरी लावलेल्या असतात, आम्ही त्यांना चॉक्स म्हणतो. त्या काढल्यापासून तिकडे पोचून पुन्हा लावेपर्यंतचा वेळ तिकिटावर धरतात. चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन. कागदोपत्री त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. म्हणजे ट्रॅक्टरने मागे ढकलणं, टॅक्सीवेवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर) रांग, तिकडे उतरल्यावर गेट मोकळं होईपर्यंत थांबणं, सगळं त्यात आलं. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणजे दोन्हींवरून एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. रात्री बारा ते तीन सगळी लांबची विमानं निघतात, तेव्हा रांगेत बारावा नंबर लागलेला मी पाहिलाय. माणसं आत पट्टे बांधून बसलेली, आणि विमान सहारच्या जमिनीवर अर्धा तास.

शिवाय प्रत्येक कंपनी थोडी चरबी ठेवते. विमान वेळेवर पोचलं असं दिसलं पाहिजे ना! वारा बरा लागला तर कॅप्टन सांगतो, आपण वीस मिनिटं लवकर पोचतोय, आणि लोक खूश. ती वीस मिनिटं आधीच तिकिटात घातलेली असतात.

मी नोकरीला लागलो तेव्हा न्यूयॉर्कचं विमान लंडनला थांबून जायचं. एअर इंडियाने न्यूयॉर्कची सेवा सुरू केली १४ मे १९६० ला, बोईंग ७०७ घेऊन, तीही लंडनमार्गेच. आमचे सीनियर त्या ७०७ च्या आवाजाची नक्कल करायचे. ऐकून कॅन्टीनचा पोऱ्या कान झाकायचा.

नकाशावेडा
वा, चॉक्स! हे माहीत नव्हतं.

आता अंतराचं. १२,५३० हा आकडा बरोबर आहे, पण विमान तेवढं नाही, त्यापेक्षा जास्त उडतं. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून धरा. भिंतीवरचा नकाशा नको, गोलच. भिंतीवरच्या नकाशात वाटतं, अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक अशी सरळ रेघ जाईल. दोरा तसा जात नाही. तो कच्छच्या अंगाने सिंधमध्ये शिरतो, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मग रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, नॉर्वे, आइसलँडचा दक्षिण भाग, ग्रीनलँडचं टोक आणि लॅब्राडोरवरून खाली न्यूयॉर्क. साइटवाले देतात ते अंतर या दोऱ्याचं.

पण दोऱ्याला देशांच्या सीमा नसतात, विमानाला असतात. रशियाने २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. पाकिस्तानने २०१९ मध्ये बालाकोटनंतर काही महिने बंद ठेवलं होतं, पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना बंद केलं. म्हणजे दोऱ्याचा पहिलाच वळसा गेला. मग समुद्रावरून आखाताकडे जायचं आणि तिथून युरोप धरायचा. एकाच दिवशी, एकाच दोन शहरांमध्ये, दोन कंपन्यांची विमानं वेगळ्या वाटेने जाऊ शकतात. "अंतर किती" याला खरं तर "कुठल्या कंपनीचं आणि कुठल्या महिन्यात" असं विचारायला हवं.

थोडं अवांतर, राहवत नाही म्हणून. मेक्सिको सिटी आणि मुंबई जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही साधारण १९ अंश उत्तर. नकाशावर पट्टी ठेवली तर आडवी रेघ, अठरा हजार किलोमीटर. दोरा ताणला तर तो सरळ उत्तरेला निघतो, ध्रुवापासून सुमारे बाराशे किलोमीटरवरून पलीकडे उतरतो, आणि भरतात साडेपंधरा हजारांच्या जरा वर. मुलांना सुट्टीत करायला द्या.

ठाणेकाका
एवढं सगळं करण्यापेक्षा दुबईमार्गे पाठवा. मुंबई-दुबई १,९३० किमी, दुबई-न्यूयॉर्क ११,००० च्या आसपास. बेरीज १२,९३० धरा. थेटपेक्षा चारशे किलोमीटर जास्त, म्हणजे मुंबई-गोवा. तिकीट स्वस्त, आणि मध्ये पाय मोकळे होतात. सत्तरीच्या माणसाला सोळा तास एका खुर्चीत बसवणं बरं नव्हे.

मीनल_एडिसन
काका, अंतराने गोवा, वेळेने काश्मीर. मधला थांबा तीन तासांपासून आठ तासांपर्यंत कितीही असतो. माझे आई-बाबा दोन्ही प्रकारांनी येऊन गेलेत. पहिल्या वेळी मधल्या विमानतळावर गेट बदललं, घोषणा इंग्रजीत आणि अरबीत, आणि आई वॉशरूममध्ये. बाबा तिथल्या खांबाला धरून उभे राहिले, कारण तीच त्यांची ठरलेली खूण होती. पुढचं विमान मिळालं, पण बाबा ते अजून सांगतात. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी मी तरी थेटच म्हणेन. व्हीलचेअर मात्र आधी नोंदवा, चालता येत असलं तरी. इमिग्रेशनच्या रांगेत दीड तास उभं राहायला लागू शकतं.

पूर्वा, एडिसनला नूअर्क विमानतळ जास्त जवळ पडतो. तिकडचं नाही मिळालं?

पूर्वा_डोंबिवली
नूअर्कचं दोघांचं मिळून बावीस हजारांनी महाग होतं. ताईचे यजमान म्हणाले, मी जाईन जेएफकेला (न्यूयॉर्कच्या विमानतळावर).

ठाणेकाका
खांबाचा मुद्दा मान्य. पण मी दुबईमार्गेच जातो.

ताम्हिणी
एक अगदी महत्त्वाचं, वर कोणी बोललं नाही. रात्री १.४५ चं विमान. तारीख १४ असेल तर घरातून १३ ला रात्री निघायचंय!! हसू नका. माझे मामा १४ ला जेवून, शेजाऱ्यांचा निरोप घेऊन, हार घालून निघाले. सहारला पोचले तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं. काउंटरवरच्या मुलीने तिकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, काका, हे काल होतं. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच, पण चाळीत पुन्हा परत जायचं त्यांना जास्त जड गेलं. हार घेऊन.

पूर्वा_डोंबिवली
बाप रे. आत्ता उठून कॅलेंडर बघितलं. आईंनी १४ च्या चौकोनातच "प्रयाण" लिहिलं होतं. खोडून १३ केलं. ताम्हिणी, तुम्हाला दशम्या पाठवते.

बोका
लोणचं नेता येतं का?

कावळा_बसला
लोणच्याचे तीन धागे आहेत, त्यातला एक भांडण होऊन बंद पडलाय. इथे नको.

रात्रपाळी
उशिरा वाचतोय, आत्ता शिफ्ट संपली. अण्णांचा तास अजून कोणी शोधून दिलेला नाही की!

पूर्वाताई, परतीची तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतरची आहे ना?

पूर्वा_डोंबिवली
हो, त्यानंतरची आहे. का?

रात्रपाळी
मग मिळाला. अण्णांची बेरीज बरोबर आहे, कंपनीचीही बरोबर आहे. मधे अमेरिका घड्याळ फिरवते.

मी ऐरोलीत अमेरिकेच्या वेळेवर काम करतो, त्यामुळे हे पुस्तकातून नाही, झोपेतून कळतं. न्यूयॉर्कचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं. उन्हाळ्यात ते आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे येतात. आपली कधीच हलत नाहीत. म्हणून फरक वर्षातले जवळजवळ आठ महिने साडेनऊ तास आणि उरलेले चार साडेदहा. आमच्याकडे त्या आठवड्यात बसची वेळ बदलते, आणि एकजण तरी दरवर्षी जुन्या वेळेला स्टॉपवर उभा असतो.

आता मांडा. मे महिन्यात जाताना: १६ तासांतून साडेनऊ वजा, घड्याळात साडेसहा. नोव्हेंबरमध्ये येताना: साडेचौदा अधिक साडेदहा, घड्याळात पंचवीस. जाताना साडेनऊ मिळाले, येताना साडेदहा दिले. लाल गोलातला तास हाच. परत यायची तारीख ऑक्टोबरात असती तर येतानाचे बरोबर चोवीस झाले असते आणि अण्णांची बेरीज पैशाला पैसा जुळली असती.

नकाशावेडा
मी वारा मोजत बसलो आणि उत्तर ऐरोलीच्या बसस्टॉपवर होतं. दंडवत.

पूर्वा_डोंबिवली
रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. अण्णांनी कागद पुढे ओढला, दोनदा मांडलं, मान हलवली. मग म्हणाले, "घड्याळ फिरवतात म्हणजे? कोणाच्या सहीने?"

आता त्यांचा नवा प्रश्न असा की तो एक तास तिकडे राहणाऱ्या माणसाला मिळतो की त्याचा जातो.

जुना_सांताक्रूझ
अण्णांना सांगा, यात नवल काही नाही. आपल्या मुंबईतच दोन वेळा होत्या. १९०६ ला देशभर स्टँडर्ड टाइम आला, पण मुंबईने आपला बॉम्बे टाइम सोडला नाही. तो एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि १९५५ पर्यंत चालू होता. माझे वडील भेट ठरवताना विचारायचे, "कुठल्या टाइमाने?" आणि दुसऱ्या महायुद्धात तर इंग्रजांनी इथलीही घड्याळं तासभर पुढे केली होती. सही सरकारची.

रात्रपाळी
तास मिळतो. नोव्हेंबरच्या त्या रविवारी रात्री दोनला घड्याळ पुन्हा एकवर येतं, म्हणजे तो दिवस पंचवीस तासांचा. परत येताना तोच तास विमानात जातो.

मीनल_एडिसन
पूर्वा, अण्णांना रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना वेळा लिहून मागा. "रोज सकाळी" या दोन शब्दांनी माझ्या बाबांचा घोटाळा झाला होता. मुंबईत रात्री निघाले, विमानात बाराएक तासांनी कोणीतरी खिडकी वर केली, ऊन दिसलं, घेतली गोळी. एडिसनला सकाळी पोचले, चहाबरोबर पुन्हा घेतली. डॉक्टरांनी नंतर तास मोजून वेळापत्रक दिलं. तेव्हापासून बाबा एक घड्याळ मुंबईच्या वेळेवर ठेवतात.

पहिले चार-पाच दिवस दोघंही पहाटे तीनला टक्क जागे होतील. ताईला सांगा, दुधाची पिशवी, हो, इथे कॅन असतो, भरून ठेव. आणि विमानात मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची घ्या, दर दोन तासांनी उठून चक्कर मारा, पाणी पीत राहा.

पूर्वा_डोंबिवली (मे)
धागा वर काढतेय. पोचले दोघं!

अण्णांनी फोनवर आधी आकडे सांगितले, मग तब्येत. चॉक्स ऑफ रात्री २.२०, म्हणजे पस्तीस मिनिटं उशीर. चॉक्स ऑन सकाळी ८.२५, म्हणजे उशीर फक्त दहा मिनिटं. प्रत्यक्ष प्रवास १५ तास ३५ मिनिटं. "सांताक्रूझवाल्यांना सांग, चरबी पंचवीस मिनिटांची निघाली."

त्यांनी तिसरा रकानाही केलाय, जो कुठल्याच साइटवर नाही: डोंबिवलीचं दार ते एडिसनचं दार. इथून रात्री ८.४० ला निघालो. शिळफाट्याला ट्रक आडवा होता म्हणून ऐरोली पुलाकडे वळेपर्यंतच पाऊण तास गेला. तिकडे इमिग्रेशन, बॅगा, मग ट्रॅफिक. ताईच्या दारात तिथले सकाळचे ११.५०. एकूण २४ तास ४० मिनिटं. त्यातले नऊ तास विमानाच्या बाहेरचे. दशम्या मुंबई विमानतळावरच संपल्या.

ताम्हिणी
आणि निघाले १३ ला! माझं काम झालं.

पूर्वा_डोंबिवली (नोव्हेंबर)
शेवटचं अपडेट, कारण तुमच्यापैकी दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

मुलगी झाली जूनमध्ये, सगळं छान. काल तिकडे घड्याळ मागे गेलं. अण्णा त्यासाठी मुद्दाम जागे राहिले. नात तशीही जागीच असते, तिला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसले. ताई पाणी प्यायला उठली तेव्हा तिने फोटो काढला. अण्णांच्या मनगटावरचं एचएमटी मुंबईच्या वेळेवर, त्यात साडेअकरा. मायक्रोवेव्हवर दोन, कारण त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आणि टेबलावरच्या फोनवर, नुकताच, एक.

समोर वही उघडी होती. तिच्यात लिहिलंय: "१ तास जमा. परतीच्या विमानात नावे टाकणे."